दाजींच्या पंगतीत मीठ वाढत नसत

आमच्याकडे सुतकाचं जेवण अळणी असतं. दहा दिवस घरची चूल पेटत नाही. भावकीतले आणि शेजारचे लोक डबे आणून देतात आणि त्या डब्यांतल्या कशालाच मीठ नसतं. येरमाळ्याला माझ्या बहिणीच्या घरी सुतकातल्या एका दुपारी आम्ही सगळे असे जेवायला बसलो होतो. बहिणीच्या चुलत दिरानं पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "दिगंबर असता तर असलं अन्न त्यानं कुणाच्या ताटात पडू दिलं नसतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदोघांनी डोळे पुसले. माझी बहीण खाली बघून भाकरी मोडत राहिली.

तो म्हणाला ते खरंच होतं. माझा राग त्यावरच आहे. असलं अन्न दिगंबर दाजींनी स्वतःच्या ताटात पडू दिलं नाही, म्हणून त्या दुपारी ते आमच्या सगळ्यांच्या ताटात पडलं होतं.

भेटायला येणारे लोक त्यांच्या हाताच्या चवीबद्दल बोलत होते. त्यांनी बोलावं. मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही आणि लिहायलाही वेळ लागतो. पण जे लिहायचं ते गोड करून लिहायचं नाही, एवढं ठरवून बसलो आहे. दाजी गेले याचं दुःख मला आहे. ते ज्या तऱ्हेनं गेले तिचा राग त्याहून मोठा आहे आणि तो अजून निवलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धंद्यानं आचारी. लग्न, बारसं, तेरावं, यात्रेतला भंडारा, जिथं शेकड्यानं पानं उठायची तिथं डेगीसमोर दाजी उभे असायचे. अंगानं बुटके, छातीनं पिंपासारखे. बिनबाह्यांची बनियन, गळ्यात पंचा, उजव्या हाताच्या कोपरापर्यंतचे केस वाफेनं कायमचे गेलेले. हातात अंगठी नाही, मनगटाला दोरा नाही. हात मोकळा पाहिजे म्हणायचे. डोळे नेहमी लाल. धुरानं लाल असतात असं आम्ही समजायचो.

त्यांची येसराची आमटी आमच्या भागात ठाऊक होती. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेली पूड. लग्नघरी ती आमटी लागतेच. मसाला कुणीही आणायचा, आग कुणीही लावायची, पण मीठ दाजीच टाकायचे. खडे मिठात मूठ घालायची, डेगीवर धरायची आणि करंगळीच्या बाजूनं सोडायची. सोडताना ते हाताकडे बघत नसत, आमटीकडे बघत. मग पळीनं एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे. बरोबर असलं की उजवा तळहात हवेत खाली दाबायचा. म्हणजे झालं, डेग उतरवा. तोंडानं 'छान झालं' हे शब्द त्यांनी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकाबद्दल कधी काढले नाहीत. तळहात खाली गेला की समजायचं.

पंगतीत पानावर पहिल्यांदा डाव्या कोपऱ्यात मीठ वाढतात. सगळीकडे वाढतात. दाजींच्या पंगतीत वाढत नसत. काम घेतानाच ते यजमानाला सांगायचे, "मीठ वाढायचं न्हाय. जेवढं लागतंय तेवढं आत हाय." वाढप्यांच्या हाताला लागू नये म्हणून डेग उतरल्यावर उरलेलं मीठ पोत्यात बांधून ते टेम्पोत ठेवून द्यायचे. एवढं करूनही कुणी मीठ मागितलंच, तर पंचा झटकत स्वतः त्या माणसासमोर जाऊन उभे राहायचे.

"कुठलं गाव म्हणायचं पाव्हण्याचं?"

"जळकोट."

"मग बरोबर हाय," म्हणायचे आणि परत फिरायचे. त्या दिवसापासून जळकोटचा कुणीही माणूस त्यांच्या लेखी बिनजिभेचा. लोक हे किस्से हसून सांगतात. मी हसत नाही. ज्या माणसाला जेवणाऱ्याच्या हातात चिमूटभर मीठ सोपवता येत नाही, तो स्वतःचा जीव डॉक्टरच्या हातात काय सोपवणार.

एकच ठिकाण असं होतं की तिथं दाजी चाखत नसत. येडाईच्या यात्रेतला भंडारा. देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नसतं. तिथं ते नुसत्या हातानं मीठ टाकायचे, डोळे उघडे ठेवून तळहात खाली दाबायचे आणि डेग उतरायची. त्यात कधी कमीजास्त झालं नाही. हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्यांच्या जोडीला गफूरभाई होते. उंच, वाळके, दाढी पिकलेली. भट्टी गफूरभाईंची, डेग दाजींची, अशी त्यांची वाटणी तरुणपणापासून होती. दोघं दिवसभर एकमेकांना टोचायचे. गफूरभाई रोज सकाळी पहिल्या चहाबरोबर सदऱ्याच्या खिशातून एक गोळी काढून घ्यायचे. त्यांना रक्तदाब होता. त्यांचे थोरले भाऊ अर्धांगानं खाटेवर पडून गेले होते, तेव्हापासून गफूरभाईंनी गोळी चुकवली नाही.

"ये मेरी सास है," गोळी दाखवून ते म्हणायचे. "रोज सकाळी हिचं तोंड बघायचं. हुज्जत घालायची न्हाय. घर टिकतंय."

"जलमभर गोळ्या खाणारा माणूस म्हणजे मेलेलाच," दाजी म्हणायचे.

"मेलेल्यानं चहा सांगितलाय. पैसे तू दे."

दाजींना रक्तदाब आहे हे अपघातानंच कळलं. अक्काला ताप होता म्हणून ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथं रांग मोठी म्हणून त्यांनी भांडण काढलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अक्काला तपासलं आणि म्हणाल्या, "काका, बसलाच आहात तर तुमचंही बघते." वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढं गेला. बाईंनी लगेच गोळी लिहिली नाही. डोकं, छाती, हातपाय यांचं विचारलं आणि म्हणाल्या, "आत्ता तुम्ही भांडून बसला आहात. उद्या सकाळी या. चहा नको, तंबाखू नको. इथं पाच मिनिटं गप्प बसायचं, मग बघू."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही दंडांवर पट्टा बांधला. थोडं थांबून पुन्हा बांधला. तिसऱ्या दिवशीही तेच केलं. आकडा खाली आला नाही.

"मशीन बिघडलंय तुमचं," दाजी म्हणाले. "मला कुठं काय होतंय? डोकं दुखत न्हाय, चक्कर न्हाय. सकाळपासून दोन पोती कांदा चिरून घेतलाय म्या."

"दुखलं असतं तर तुम्ही आपणहून आला असता, काका. याचं दुखत नाही, तेच वाईट. आतल्या आत नळ्या झिजवतं. मग एक दिवस डोक्यातली नळी फुटते नाहीतर बंद होते. एक बाजू जाते."

"कुठली बाजू?"

"ते सांगता येत नाही. कुणाची डावी, कुणाची उजवी."

दाजींनी उजवा हात पुढं धरला आणि त्याच्याकडे बघितलं, असं अक्का सांगते. मग म्हणाले, "लिहा गोळी."

गोळीबरोबर बाईंनी मीठही कमी करायला सांगितलं. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण बंद. भाजीला अगदी थोडं, भाकरीच्या पिठात अजिबात नाही. तंबाखू सोडा, चालायला जा. गोळी रोज एका वेळेला, बरं वाटलं तरी. दाजींनी बाकी सगळं ऐकून घेतलं. मिठावर अडले.

"सुतकाचं जेवण जेवायला सांगतीया ती बाई," घरी येऊन ते अक्काला म्हणाले. "कोण मेलंय आपल्यात?"

पुढचे तीन महिने अक्कानं काय भोगलं ते मी दर रविवारी जाऊन बघत होतो. पहिल्या आठवड्यात ताट भिंतीवर गेलं. दुसऱ्या आठवड्यात ताट गेलं नाही, शिव्या गेल्या. अक्का शिकलेली कमी, पण जिद्दीची. तिनं जवसाची चटणी बिनमिठाची केली आणि लसूण दुप्पट घातला. वरणावर लिंबू पिळलं. चिंचेचा कोळ, कोथिंबीर, जिरं, जे सापडेल ते मिठाच्या जागी बसवून पाहिलं. आणि स्वतःही तेच जेवायला लागली, कारण एका घरात दोन चवी दाजींना चालल्या नसत्या.

मीही आपल्या परीनं एक केलं. रक्तदाबावरच्या एका पुस्तकातली काही पानं झेरॉक्स करून नेऊन दिली.

"पाव्हणं, कागद चांगला आणलाय," दाजी म्हणाले. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्या पानांवर भजी निथळायला ठेवली होती. भजी गफूरभाईंसाठी होती. दाजींनी एकही उचललं नाही, हे मात्र मी पाहिलं. आणि एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं की ते तीन महिने त्यांनी पाळलं. शिव्या देत, दात खात, सगळ्या घराला वैरी समजत, पण पाळलं. डोळ्यांतली लाली गेली. तेव्हा समजलं की ती सगळी धुराची नव्हती. रविवारी दुपारी त्यांना नीट झोप लागायला लागली. आकडा हळूहळू उतरत एकशे तीसच्या आसपास आला. बाई म्हणाल्या, "काका, हा आकडा गोळीनं आणि जेवणानं आलाय. बरा झालो म्हणून यातलं काही सोडू नका."

"तोंडाला चव राहिली न्हाय, आकडा घिऊन काय करू," दाजी म्हणाले. पण म्हणताना खूश होते, असं अक्का म्हणते.

मग चातुर्मास सरला आणि त्यानंतरचं पहिलं मोठं काम आलं, तेर गावचं लग्न.

नवरी माझ्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याची पुतणी, त्यामुळे मी पाहुणा म्हणून पंगतीत होतो. भट्टी मांडवाच्या मागं, हाकेच्या अंतरावर. पुढचं सगळं नंतर गफूरभाईंनी सांगितलं. आमटी उकळली. दाजींनी नेहमीसारखी मूठ सोडली. थेंब तळहातावर घेतला, चाटला आणि दचकले. पुन्हा घेतला. त्यांना आमटी खारट लागत होती. तीन महिने जीभ अळणी राहिलेली, तिला साधं मीठही टोचत होतं. दाजींना ते कळायला मार्ग नव्हता. हात चुकला असं त्यांना वाटलं. त्यांनी पाण्याच्या बादल्या ओतल्या, शिजलेल्या डाळीचं एक पातेलं रिकामं केलं. पुन्हा चाखलं. आणखी ओतलं.

"दिगंबर, रंग उतरला रे," गफूरभाई म्हणाले.

"तू तुझी आग बघ."

शेवटी तळहात खाली दाबला. डेग उतरली. मीठ पोत्यात बांधून टेम्पोत गेलं.

पंगत बसली. पहिल्या घासाला माणसं थबकली. शेजारच्याच्या तोंडाकडे बघायला लागली. दाजींची पंगत म्हणून कुणी लगेच बोलेना. मग माझ्यासमोरच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं, अगदी साध्या सुरात म्हणाली, "ग बाई, ह्ये लगीन हाय का कुणाचं सुतक हाय?"

लग्नाच्या मांडवात हा शब्द. नवरीची आई तिथंच खाली बसली. वाढपी मीठ आणायला धावले, तर मीठ नाही. टेम्पोची किल्ली टेम्पोवाल्याकडे आणि टेम्पोवाला कुठं तरी नदीकडे गेलेला. कुणी मोटारसायकल काढली, दुकानातून मिठाच्या पिशव्या आणल्या, दातांनी फाडल्या आणि वाढपी रांगेनं पानोपान मीठ टाकत गेले. माझ्या पानावर पडलेला ढीग मला अजून दिसतो. मी मान वळवून भट्टीकडे बघितलं. दाजी तिथं उभे होते आणि एकेका पानावर पडणारं मीठ बघत होते.

एवढ्यापुरती मला त्यांची दया येते. पुढं येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांची पाकिटं उचलून गटारात टाकली आणि अक्काला म्हणाले, "पापड भाज."

अक्कानं हातापाया पडून त्यांना आणखी एकदा बाईंकडे नेलं. मी आणि गफूरभाईही बरोबर होतो.

"तुमची गोळी खाऊन माझी जीभ मेली," दाजी म्हणाले.

"गोळीचं नाही हे, काका. मीठ कमी केलं म्हणून जीभ जागी झालीय. तिला आता थोडं मीठही खारट लागतं. मेली नाही, उलट चांगली झालीय."

"चांगली? माझ्या पंगतीला लोकांनी सुतक म्हणलं. ह्ये चांगलं?"

"मग चाखायला दुसऱ्या कुणाला तरी ठेवा. जेवण असंच जेवा. आणि जेवणाचं नाहीच जमलं, तरी निदान गोळी सोडू नका. मीठ वेगळं, गोळी वेगळी. एकावर राग आला म्हणून दोन्ही टाकू नका."

इतकं सरळ होतं ते. आजही लिहिताना मला त्यात अवघड काही दिसत नाही. बाहेर आल्यावर झाडाखाली गफूरभाईंनी त्याहूनही सरळ करून सांगितलं.

"दिगंबर, सुन. भंडाऱ्याला तू चाखत न्हायस. कधी बिघडलं? तेरला पण हातानं बरोबरच टाकलं होतंस, मैं देख्या ना अपने आँखों से. बिघडवलं ते जिभेनं. मग जिभेचं काम माझ्याकडं दे. हात तुझा, जीभ माझी. लोकांना कळणार पण न्हाय."

दाजींनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू मला मीठ शिकवणार? लाकडं फोडणारा?"

"लाकडं फोडत फोडत साठी गाठली, मियाँ. गोळी खाऊन." गफूरभाई हसले. हसले ते एकटेच.

त्या झाडाखाली दाजींना जगायचा रस्ता फुकट मिळाला होता. धंदा राहिला असता, नाव राहिलं असतं, हात राहिला असता. फक्त डेगीतला एक थेंब मित्राच्या तळहातावर द्यायचा होता. तेवढा त्यांनी दिला नाही. लोक याला बाणेदारपणा म्हणतात. मला त्यात बाणा दिसत नाही. स्वतःच्या बायकोला, मित्राला आणि एका पोरसवदा डॉक्टरीणबाईला हरवायचं म्हणून माणूस मरण पत्करतो, याला दुसरा शब्द असला पाहिजे. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, मला तो सापडलेला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यानंतर त्यांचं सगळं बरोबर व्हायला लागलं. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत जीभ होती तिथं आली. आमटी पहिल्यासारखी व्हायला लागली. लग्नं मिळाली. तेरचं लोक विसरले. दाजींना पुरावाच मिळाला.

एका रविवारी मी जेवायला होतो. अक्कानं त्यांच्या ताटात तिच्या हातची भाजी वाढली, मीठ अगदी जरासं. दाजींनी डबा ओढला, मूठभर मीठ ताटात ठेवलं आणि अक्काच्या डोळ्यांत बघत घासागणिक बोट बुडवून खाल्लं. त्यात भूक नव्हती. वैर होतं. मेव्हण्यानं दाजीला उलट बोलायचं नसतं, असं आमच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं. मी म्हणालो, "दाजी, पुरे."

"पाव्हणं, तुमच्या लायब्ररीत मी बोलाय येतो का?" ते म्हणाले. "न्हाय ना? मग."

अक्कानं एकदा गोळी कुटून आमटीत घातली. पहिल्याच घासाला त्यांनी वाटी खाली ठेवली. "ह्यात काय घातलंस?" एवढी ती जीभ. बाईंना कळल्यावर त्या अक्कावरच रागावल्या. न सांगता औषध द्यायचं नसतं, त्यानं भलतंच व्हायचं. तेव्हापासून अक्कानं तोही नाद सोडला.

कधी बसस्टँडवर तपासणीचं शिबिर असलं, की त्याच्या आधी दोन दिवस दाजी गफूरभाईंकडून गोळ्या मागून खायचे. नापास होणारी मुलं परीक्षा आली की पुस्तक उघडतात, तसं. आकडा जरा खाली आला की चिठ्ठी आणून अक्कापुढं धरायची. "बघ. मला काय धाड भरलीया?" गोळी खाल्ली म्हणून आकडा उतरला, हे त्यांना ठाऊक असणारच. पण चिठ्ठीवर गोळीचं नाव नसायचं.

"दुसऱ्याची गोळी खाऊ नको आणि खाल्लीस तर रोज खा," गफूरभाई म्हणायचे. पुढं त्यांनी देणं बंद केलं. तेव्हा दाजी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. भट्टीसमोर दोघं मुके उभे. तळहात खाली दाबला की गफूरभाई डेगीखालचा जाळ बाहेर ओढायचे, तेवढाच संबंध.

मग चैत्र आला. येरमाळ्याची यात्रा. रस्ते माणसांनी भरलेले, भंडाऱ्याच्या डेगी ओळीनं मांडलेल्या. नैवेद्याची डेग दाजींची. तिथं चाखायचं नसतं. नुसता हात.

दाजींनी मिठात मूठ घातली आणि डेगीवर धरली. मूठ करंगळीच्या बाजूनं उघडायची, ती सगळीच उघडली. मीठ डेगीच्या काठावर आणि खाली जाळात पडलं. जाळ तडतडला. दाजी हाताकडे बघायला लागले. सगळ्या आयुष्यात मीठ टाकताना त्यांनी हाताकडे बघितलं नव्हतं, त्यावरूनच गफूरभाईंना कळलं. त्यांनी दाजींच्या तोंडाकडे बघितलं तर ते एका बाजूला ओढलं गेलेलं.

कुणी पाणी पाजायला धावलं. गफूरभाईंनी तांब्या बाजूला केला. त्यांच्या भावाच्या वेळेला पाजलेलं पाणी छातीत गेलं होतं. टेम्पोत गाद्या टाकून, दाजींना कुशीवर निजवून त्यांनी सरळ धाराशिव गाठलं. पण यात्रेच्या गर्दीतून टेम्पो बाहेर निघायलाच फार वेळ गेला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "बीपीची गोळी कधीपासून बंद होती?" मी सांगितलं.

उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली. दाजींना सगळं समजत होतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसायचं. डोळे पुन्हा लाल होते. मी कॉलेज सुटलं की जायचो, स्टुलावर बसायचो. त्यांनी माझ्याकडे बघितलं की मी खिडकीकडे बघायचो. राग तेव्हाही होताच.

एका संध्याकाळी डॉक्टरांनी चमच्यानं थोडी घट्ट पेज द्यायला सांगितलं. पाठीमागं उशा लावून दाजींना बसतं केलं होतं. अक्कानं घरून तांदळाची पेज करून आणली होती. बिनमिठाची. ती घरी अजून तशीच जेवत होती. तेरच्या लग्नानंतर दाजींनी सोडलं, तिनं सोडलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. गफूरभाई पायथ्याशी उभे होते.

अक्कानं पहिला चमचा तोंडात घातला. थोडी पेज ओठाच्या मेलेल्या कोपऱ्यातून ओघळली, ती तिनं पदरानं टिपली. दाजींनी उरलेली तोंडात धरून ठेवली. गिळली नाही. डोळे मिटले. तसे मिटलेले डोळे मी डेगीसमोर शेकडो वेळा पाहिले होते. आता ते थुंकणार, या तयारीनं अक्कानं पदर पुढं धरला.

त्यांनी गिळलं. उजवा हात चादरीवर पडलेला होता तो तसाच राहिला. मग डावा हात सावकाश वर आला, छातीपर्यंत. तळहात उघडला आणि हवेत खाली दाबला गेला.

गफूरभाईंनी सवयीनं एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबले. इथं ओढायला जाळ नव्हता.

अक्का त्या हाताकडे बघत राहिली. लग्नापासून तिनं रांधलेल्या कशालाही तो हात असा खाली गेला नव्हता.

"आता व्हय?" ती म्हणाली.

आणि तिनं दुसरा चमचा भरला.